आमदारांची सीट

माझ्या बसमध्ये दारापासून दुसरी सीट आमदारांची होती. म्हणजे तसं तिच्यावर लिहिलेलं होतं. खिडकीच्या वरच्या पट्टीवर रंगाने छापलेली अक्षरं होती, विधिमंडळ सदस्यांसाठी राखीव. एखाद्या गाडीत ती ठळक दिसत, एखाद्या गाडीत पोरांनी नखाने खरवडून अर्धी केलेली असत. मी कंडक्टर. पहिली सीट माझी, तिच्या मागची आमदारांची. नोकरीत लागल्यापासून आम्ही अशा शेजारणी होतो आणि एवढ्या वर्षांत त्या सीटवर एकही आमदार बसलेला मी पाहिला नव्हता.

मला जात्याच चौकशांची खोड. प्रशिक्षणाच्या वेळी शिकवणाऱ्या साहेबांनी राखीव सीटांचे नियम सांगितले. बायकांसाठी अमुक, दिव्यांगांसाठी तमुक, आणि आमदार चढले तर त्यांची सीट रिकामी करून द्यायची. मी हात वर केला आणि विचारलं, "सर, ते चढतात का?" वर्ग हसला. साहेबही हसले आणि पुढच्या नियमाकडे वळले. पुढे भंडाऱ्याच्या आगारात आल्यावर मी जुन्या लोकांना विचारत राहिले. एक ड्रायव्हर म्हणाला, त्याच्या वडिलांच्या काळात चढायचे, लोखंडी पेटी घेऊन, आणि गावोगावचे लोक बसमध्येच त्यांना अर्ज द्यायचे. दुसऱ्याने एकदा एका आमदारांना पाहिलं होतं. त्यांची जीप रस्त्यात बंद पडली होती म्हणून ते बसमध्ये आले, पण सीटवर न बसता ड्रायव्हरशी गप्पा मारत बॉनेटवर बसले. बाकी कोणाकडे काही माहिती नव्हती. त्या सीटबद्दल कोणाला राग नव्हता, तसं प्रेमही नव्हतं.

भंडारा-पवनी मार्गावर माझी ड्युटी लागली तेव्हा त्या सीटला एक कायमची मालकीण मिळाली. ती कोंढ्याची भाजीवाली होती, साठीच्या आतबाहेरची, उंच, हाडापेराने मजबूत. सकाळच्या गाडीला कोंढ्याला चढायची. वांग्यांचं एक गाठोडं, मिरच्यांची एक थैली, कधी भेंडी, कधी कारली. स्वतःच्या वाडीतलं थोडं आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून घेतलेलं थोडं. टोमॅटो मात्र ती भंडाऱ्यात ठोक बाजारातून उचलायची आणि सगळं विकून दुपारच्या गाडीने परत यायची. गाठोडी ठेवायला दाराजवळ जागा असते म्हणून ती आमदारांच्या सीटवर बसायची. मी तिला मावशी म्हणायचे, ती मला बाई म्हणायची.

ज्या पावसाळ्याची ही गोष्ट आहे, त्या पावसाळ्यात टोमॅटोने शंभरी ओलांडली होती. तुरीची डाळ तर आधीपासूनच चढत होती. आमच्या घरी मी तुरीत लाखोळीची डाळ मिसळायला लागले होते. आमच्या भागात लाखोळी पूर्वीपासून खातात, गरिबाची डाळ म्हणूनच ती ओळखली जाते, पण माझ्या मुलींना तिची चव चालत नव्हती. धाकटी ताटातली डाळ बोटाने ढवळून बघायची आणि म्हणायची, "आई, आज कितीला किती मिसळलं?"

बसमध्येही तोच विषय. रोवणीला, म्हणजे धानाच्या लावणीला जाणाऱ्या बायका चढायच्या, त्यांना नुकतंच अर्धं तिकीट झालं होतं. त्या खूश होत्या. पण म्हणायच्या, तिकिटात वाचलं ते टोमॅटोत गेलं. अशाच एका सकाळी रोज अड्याळहून भंडाऱ्याला जाणारे एक शिक्षक मोबाईलवर आलेली यादी मोठ्याने वाचायला लागले. आमदार-खासदारांच्या कँटीनमधले भाव म्हणून ती यादी फिरत होती. आमच्या आगाराबाहेरच्या टपरीवर एका चहाचे जेवढे पडतात, तेवढ्यात त्या यादीत वाटीभर डाळ होती. दोन चहांच्या पैशात भाजी-पोळी. पूर्ण थाळीचा भाव ऐकून मागून कोणीतरी म्हणालं, "गुरुजी, पुन्हा वाचा."

गुरुजींनी पुन्हा वाचलं. मग गाडीत जो गलका झाला तो होणारच होता. पगार त्यांचा, पेन्शन त्यांचं, रेल्वे त्यांना फुकट, बस त्यांना फुकट, आणि वर जेवणही स्वस्त. एकजण म्हणाला, यादी जुनी आहे. दुसरा म्हणाला, जुनी असली तरी खरी आहे. भाजीवाली मावशी मात्र बोटांवर हिशोब करत होती. भंडारा जवळ आलं तेव्हा ती पुढे वाकून मला म्हणाली, "बाई, ते डाळ कायची टाकतेत वं?"

"म्हणजे?"

"तुरीची होय का लाखोरीची? एवढ्या पैशात तुरीची डाळ होतच नाही. पानी किती टाकतेत? तेल टाकतेत का नाही?"

मला तिचा प्रश्न फार आवडला. बाकी सगळे भावावर चिडले होते आणि ही स्वयंपाकाचा विचार करत होती. पुढचे काही दिवस तो प्रश्न आमच्या दोघींच्या डोक्यात बसला. ती म्हणायची, लाखोळीच असणार. मी म्हणायचे, एवढ्या मोठ्या लोकांना लाखोळी कोण वाढेल.

त्यानंतर आठवड्याभरातच ते चढले.

कोंढ्याच्या पुढच्या एका फाट्यावर गाडी थांबली. सत्तरीचे एक गृहस्थ आधी बायकोला वर चढवत होते. तिच्या एका डोळ्यावर हिरवं फडकं होतं. मागून ते चढले. पांढरा सदरा, साधी पँट, खांद्यावर दुपट्टा, हातात दवाखान्याच्या कागदांची पिशवी. गाडी भरलेली होती. मी तिकीट विचारलं तर त्यांनी खिशातून एक कार्ड काढून माझ्यासमोर धरलं. त्यावर त्यांचा फोटो होता आणि माजी विधानसभा सदस्य असं लिहिलेलं होतं. खाली सोबतच्या एका व्यक्तीचाही प्रवास मोफत असल्याचं छापलेलं होतं.

मी कार्डाकडे बघितलं, त्यांच्याकडे बघितलं आणि मग माझ्या मागच्या सीटकडे बघितलं. तिथे मावशी आणि तिची मिरच्यांची थैली बसलेली होती.

नियम मला पाठ होता. पण तो वापरायची वेळ येईल असं कधी वाटलं नव्हतं. शिवाय माजी आमदाराला तो लागू होतो का, हेही मला ठाऊक नव्हतं. आरशातून ड्रायव्हर माझ्याकडे बघत होता. तो माझ्याहून वयाने मोठा, कमी बोलणारा माणूस. त्याने नुसत्या भुवया उंचावल्या, म्हणजे काय करायचं ते तू बघ.

"मावशी," मी हळूच म्हटलं, "जरा उठता का? ही सीट यांची आहे."

"काहून? कोन होय हे?"

"आमदार होते."

आता हे हळू बोललं तरी आजूबाजूच्या दोन-तीन सीटांना ऐकू गेलंच. माना वळल्या. ते गृहस्थ घाईने म्हणाले, "बसू द्या त्याइले. हिले फक्त जागा द्या, हिच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आहे."

मावशी उठली नाही. तिने थैली मांडीवर घेतली, खिडकीकडे सरकली आणि त्यांच्या बायकोला शेजारी बसवलं. मी माझ्या सीटवरून उठले आणि म्हटलं, "साहेब, तुम्ही इथे बसा. मला तसंही फिरावं लागतं." अशा रीतीने माझ्या नोकरीतला पहिला आमदार कंडक्टरच्या सीटवर बसला.

पुढची दहा मिनिटं माझी मशीनमध्ये गेली. पासावर शून्य रकमेचं तिकीट काढायचं असतं आणि त्यासाठी सवलतीच्या यादीतून योग्य नाव निवडायचं असतं. ती यादी मी पूर्ण कधी बघितलीच नव्हती. खाली खाली जात राहिले. विद्यार्थी, दिव्यांग, ज्येष्ठ नागरिक, महिला, दुर्धर आजाराचे रुग्ण, पुरस्कार मिळालेले शिक्षक, पत्रकार. एवढ्या लोकांना आपण काही ना काही सूट देतो, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा एकत्र दिसलं. मग माजी आमदार सापडले. शून्य रकमेची दोन तिकिटं फाडून मी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती नीट घडी करून खिशात ठेवली.

गाडीत सगळ्यांना काहीतरी विचारायचं होतं, पण कोणी सुरुवात करत नव्हतं. ती मावशीने केली.

"साहेब, एक इचारू का? राग नोका मानू."

"विचारा ना."

"तुमच्या त्या कँटीनमंधी डाळ कायची राहते?"

ते वळून तिच्याकडे बघत राहिले. आमदारकी संपून त्यांना बरीच वर्षं झाली होती. एकदाच निवडून आले होते, पुढच्या वेळी पडले आणि मग पक्षानेही विचारलं नाही, हे मला नंतर कळलं. इतक्या वर्षांत लोकांनी त्यांना बदल्या विचारल्या असतील, रस्ते विचारले असतील, शिव्याही दिल्या असतील. डाळीचं कोणी विचारलं नसावं.

"तुरीची," ते म्हणाले. "चांगली घट्ट राहायची. वरून जिऱ्याची फोडणी."

"आन् भाव? ते मोबाईलवर येते तेवढाच?"

"ते यादी जुनी आहे. आता भाव वाढले असतीन. दिल्लीत तर सूट बंद केली म्हणतेत. पण मी होतो तवा तेवढाच होता. कदाचित त्याच्यापेक्षा कमी." ते थोडे थांबले. "पहिल्या दिवशी मी वेटरले दोनदा विचारलं. मले वाटलं तो फक्त पोळीचा भाव सांगून राहिला. माझ्यासोबत गावचे चारजण होते. त्याइलेही जेवू घातलं. पाच जणांचं बिल पाहून त्यातला एकजण म्हणाला, आपल्याले हे रोज इथूनच नेता आलं तं रांधायची गरजच नाही."

मागून रोज अड्याळहून येणारे ते गुरुजी म्हणाले, "मग तुम्हाला त्याचं काही वाटलं नाही का?"

"वाटलं ना. पहिले दोन महिने वाटलं." साहेब सरळ बोलत होते, स्वतःला वाचवायची धडपड त्यांच्या आवाजात नव्हती. "पहिले दोन महिने मी रोज मनात हिशोब करायचो, हेच गावात केवढ्याले पडलं असतं. मंग सोडून दिलं. मंग तं भाव विचारणंच सोडलं. फोन फुकट, गाडी फुकट, राहाले खोली. खिशात हात घालायचं कामच पडत नाही. कोनी ना कोनी देऊन टाकते."

तेव्हा त्यांची बायको पहिल्यांदा बोलली. हिरव्या फडक्याखालून तिला आमच्यापैकी कोणी नीट दिसत नसावं, म्हणून ती समोर बघतच बोलली.

"मी सांगू का ह्याइची एक गोष्ट? हे मुंबईहून आले तं मले म्हणाले, घरचा किराणा एवढा कसा होते? मी म्हटलं, बरं. मी पिशवी दिली आन् म्हटलं, दोन किलो तुरीची डाळ आना. हे गेले. दुकानदारानं डाळ बांधून देली. ह्याइनं त्याले एक नोट देली आन् उरलेल्या पैशासाठी उभे राहिले. तो दुकानदार आणखी एका नोटीसाठी उभा राहिला. हे त्याच्याकडे पाहून हसून राहिले, तो ह्याइच्याकडे पाहून हसून राहिला. आमदाराले पैसे कमी पडले म्हणाची त्याची हिंमत होईना. शेवटी त्यानं म्हटलं, राहू द्या साहेब. आन् हे डाळ घेऊन घरी आले, वरून मले म्हणतेत, पहा, स्वस्तच आहे."

गाडी हसली. साहेबही हसले, पण त्यांचे कान लाल झालेले मला दिसले, कारण मी त्यांच्या डोक्यावरच दांडा धरून उभी होते.

"मंग?" मावशीने विचारलं.

"मंग मी कमी पडलेले पैसे घेऊन गेली आन् देऊन आली," त्यांची बायको म्हणाली.

गुरुजींनी पुढचा प्रश्न विचारला, आताचं पेन्शन किती मिळतं. साहेबांनी आकडा सांगितला. मी तो इथे लिहीत नाही, तेव्हापासून वाढलाही असेल. रोवणीच्या बायकांपैकी एकीने शेजारणीला हळूच विचारलं, "महिन्याचं का सालाचं?" शेजारीण म्हणाली, "महिन्याचं."

त्यांच्या बायकोला दर आठवड्याला डोळे तपासायला जायचं होतं, म्हणून ते पुढचा महिनाभर आमच्या गाडीला येत राहिले. दुसऱ्या वेळी मावशीने आधीच जागा करून ठेवली होती. तिसऱ्या वेळी मात्र वेगळंच झालं. त्यांनी खिशातून पाकीट काढलं आणि म्हणाले, "दोन भंडारा."

मला बरं वाटलं. त्या दिवशीच्या बोलण्याचा परिणाम झाला, असं मी मनात म्हटलं. "पास नको का साहेब?"

"पास घरी राहिला," ते म्हणाले. "दुसऱ्या सदऱ्यात."

मी त्यांचं आधार कार्ड मागितलं. वय बघून त्यांचं अर्धं तिकीट काढलं आणि बायकोचंही अर्धं. ते तिकिटाकडे बघत म्हणाले, "अर्धं कसं काय?"

"पासष्टच्या वरच्यांना अर्धंच असतं साहेब. बायकांनाही अर्धं."

"सगळ्याइले?"

"सगळ्यांना."

त्यांना हे माहीतच नव्हतं. इतकी वर्षं पास खिशात असल्यामुळे साध्या म्हाताऱ्या माणसाला काय मिळतं हे बघायची वेळच त्यांच्यावर आली नव्हती. ते तिकीट हातात धरून बराच वेळ बसले होते. मला त्यांचं नवल वाटत होतं, आणि त्यांना बहुतेक तिकिटाचं.

चौथ्या वेळी डॉक्टरांनी बायकोच्या डोळ्यात थेंब टाकून दोन तास बसायला सांगितलं. तिच्याजवळ तिची भाची येऊन बसली. साहेब रिकामे होते. सकाळी बसमध्येच मावशीने त्यांना म्हटलं होतं, "दवाखान्यात कायले बसता? चाला माह्यासंगं बाजारात." आणि ते खरंच गेले. मला हे दुपारच्या परतीच्या गाडीत कळलं. मावशीने एका तऱ्हेने सांगितलं, त्यांनी दुसऱ्या तऱ्हेने.

मावशीच्या मते साहेबांचा धंद्याला काही उपयोग नव्हता. तिने त्यांना पोत्यावर बसवलं आणि टोमॅटोवर लक्ष ठेवायला सांगितलं. त्यांनी टोमॅटो चांगले वर, डागाळलेले खाली असे रचले, तिने ते उलटे करून मिसळून ठेवले. कोणी भाव विचारला की ते मावशीकडे बघायचे. एका गिऱ्हाइकाला त्यांनी स्वतःच भाव सांगितला तो आदल्या महिन्याचा होता. "माह्यं नुकसान करून ठेवलं असतं," ती म्हणाली, पण रागावलेली नव्हती.

साहेबांनी सांगितलं ते वेगळं होतं. ते म्हणाले, लोक येतात, टोमॅटो हातात घेतात, दाबून बघतात, भाव विचारतात आणि परत ठेवतात. ठेवताना अगदी हळू ठेवतात. कोणी किलो मागतच नाही. पाव मागतात, आधपाव मागतात. मग त्यांच्या ओळखीच्या एक बाई आल्या. त्यांच्या मुलाला शाळेत शिकवलेल्या, आता निवृत्त झालेल्या. त्या बाईंनी तराजूकडे बघितलंही नाही. दोन टोमॅटो उचलले आणि मावशीला म्हणाल्या, एवढ्याचे किती होतात ते सांगा.

"मग तुम्ही बोललात का त्यांच्याशी?" मी विचारलं.

"नाही." साहेबांनी खांद्यावरच्या दुपट्ट्याचं टोक हातात घेतलं. "मी तोंडावर दुपट्टा घेतला. उन्हासाठी घेतल्यासारखा."

"ऊन कोठी होतं," मावशी म्हणाली. "आभाळ होतं."

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्यांमध्ये पाणी भरलेलं होतं आणि वाकलेल्या बायकांच्या रांगा रोवणी करत मागे सरकत होत्या. गाडी एका फाट्यावर थांबली, काही उतरले, काही चढले. मी तिकिटं काढून परत पुढे आले तेव्हा मावशीने तिचा पुढचा प्रश्न विचारला. इतके दिवस मला वाटत होतं की हा प्रश्न मी विचारीन, पण माझी हिंमत झाली नव्हती.

"साहेब, तुमी तिथं असतानी ह्या गोष्टी बोलले का कधी?"

"डाळीच्या भावाचं बोललो. रेशनच्या डाळीवर प्रश्न टाकला होता. लेखी उत्तर आलं. घरी आहे ते."

"आन् कँटीनच्या डाळीचं?"

"ते कोनीच बोलत नव्हतं. मीही नाही बोललो. तिथंच बसून जेवाचं आन् त्याचंच बोलाचं, जमलं नाही."

"आता लिहाना कोनाले तरी."

"आता माझ्या पत्राले कोनी उत्तर देत नाही, मावशी."

तिने मान हलवली. मग अगदी सहज, वांग्यांचा भाव विचारावा तशा आवाजात म्हणाली, "मंग तो पास तरी वापस कराना."

त्यांची बायको हसली. गुरुजींनी मोबाईल खाली केला. मी मशीन पोटाशी धरून उभी राहिले. साहेबांनी विचार केला. खरंच केला, कारण ते खिडकीबाहेर बघत होते आणि उत्तर द्यायला त्यांना घाई नव्हती.

"नाही करत," ते शेवटी म्हणाले. "खोटं कायले बोलू. हिचा दुसरा डोळाही व्हायचा आहे. पोरगा पुण्याले राहते. येणंजाणं राहते. कामी येते."

मला वाटलं, आता मावशी काहीतरी तिखट बोलणार. ती म्हणाली, "मीही नसता केला."

त्या दिवशी घरी जाऊन मी हे सगळं जेवताना सांगितलं. माझा नवरा राइस मिलमध्ये काम करतो, तो साहेबांवर चिडला. थोरली मुलगी बारावीला होती. ती म्हणाली, "आई, आपणही सुट्टीत तुझ्या पासावर फुकटच फिरतो ना?" ते खरं होतं. कर्मचाऱ्यांच्या कुटुंबाला वर्षातून काही दिवस पास मिळतो. आम्ही त्यावरच माहेरी, लग्नांना, एकदा समुद्र बघायलाही गेलो होतो. नवरा म्हणाला, "ते वेगळं आहे. तू राबतेस." थोरली म्हणाली, "ते पण म्हणत असतील आम्ही राबलो." मी दोघांचं ऐकत राहिले. वेगळं आहे असं मलाही वाटतं. किती वेगळं, हे मला त्या रात्री नीट सांगता आलं नाही आणि अजूनही येत नाही. पेन्शनचा तो आकडा आणि दोन टोमॅटो उचलणाऱ्या बाई एकाच दिवशी आठवल्या की ते वेगळेपण फार मोठं वाटतं. मशीनमधली ती लांबच लांब यादी आठवली की थोडं लहान होतं. मी त्याचा शेवट लावायचा नाद सोडला, पण विचार करायचा सोडला नाही.

त्यांच्या बायकोचा डोळा बरा झाला. दिवाळीच्या सुमारास दुसऱ्या डोळ्याचंही ऑपरेशन झालं असं कानावर आलं, पण तेव्हा मी त्या मार्गावर नव्हते. माझी ड्युटी तुमसरकडे लागली. तिथे आंबागडची गाडी होती, प्रवासी वेगळे, बोलणी वेगळी. सुट्टीच्या दिवशी मात्र मी भंडाऱ्याच्या भाजीबाजारात जायचे आणि मुद्दाम मावशीकडूनच घ्यायचे. तोपर्यंत टोमॅटो उतरला होता, डाळ मात्र तिथेच होती.

एकदा हिवाळ्यात मी तिच्यासमोर उकिडवी बसून वांगी निवडत होते. मी विचारलं, "साहेब दिसतात का हो कधी?"

"येते ना. पंधरा दिवसांतून येते. बायकोसाठी वांगे नेते, तिले माह्या वाडीचे वांगे आवडले."

"मग बरं आहे."

"कायचं बरं?" ती म्हणाली. तिने तराजूत माझी वांगी टाकली, वर एक आणखी टाकलं. "बाजार शिकला तो आता. चार दुकानं फिरते, समद्याइचे भाव इचारते, मंग माह्याकडे येते. आन् एवढा भाव करते, एवढा भाव करते, का मले परवडतच नाही. कालच म्हटलं त्याले, साहेब, तुमी पयलेच बरे होते."

"मग काय म्हणाले?"

"काय म्हणन? हसला. आन् दोन रुपये कमीच देऊन गेला."

तिने माझी पिशवी उघडून धरली. मी ठरलेला भाव दिला आणि पुढच्या गिऱ्हाइकाला जागा करून उठले.